धुरा सरकतो तेव्हा

तीन कप्प्यांची विंडो स्थिर असते तेव्हा तिच्याबद्दल काहीच कळत नाही. डावीकडे गट नंबरांची यादी, उजवीकडे वर गावाचा नकाशा, त्याखाली निवडलेल्या गटाच्या खातेदारांचा तक्ता, आणि मधे दोन बारीक पट्ट्या. चित्रं काढून शेजारी शेजारी ठेवली तर उत्तम बांधलेली विंडो आणि कशीबशी जोडलेली विंडो यांत फरक दिसत नाही. फरक कळतो तो हात लावल्यावर. विंडोचा कोपरा धरून ओढा किंवा मधली पट्टी थोडी सरकवा, की कोणत्या कप्प्याने किती जागा घेतली, कोणी सोडली, कोण जागचा हलला नाही, हे दिसायला लागतं. मला या हालचालीत फार गोडी वाटते, आणि हे रसग्रहण त्या हालचालीचंच आहे.

विंडो मी मुद्दाम वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावची घेतली आहे. सोयाबीन आणि तुरीच्या या पट्ट्यात सात-बारा, नकाशा आणि खातेदारांची नावं एकाच वेळी डोळ्यांपुढे हवीत असे प्रसंग रोज येतात. वाटणी असते, मोजणी असते, कर्जाची कागदपत्रं असतात. ज्याला सगळे ‘पोकरा’ म्हणतात तो नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने विदर्भ-मराठवाड्यात आला, त्यात वाशीम जिल्हाही होता. गावागावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायच्या त्याच्या कामात मुंबईच्या आयआयटीने भाग घेतला आणि त्यासाठी क्यूजीआयएस या मुक्त नकाशा-प्रणालीचा उपयोग केला. गॅरी शर्मन यांनी २००२ साली सुरू केलेली ही प्रणाली म्हणजे कप्प्यात कप्पा घातलेल्या विंडोचा उत्तम नमुना. मधे नकाशा, कडेला थरांची यादी, हवा तर खाली तक्ता. विंडो मोठी केली की वाढलेली सगळी जागा नकाशाकडे जाते, कडेचे कप्पे आपल्या मापाला धरून राहतात. कंट्रोल आणि टॅब दाबलं की कडेचे सगळे कप्पे एकदम मिटतात, पुन्हा दाबलं की होते तसे परत येतात.

आता आपली विंडो. लॅपटॉपचा स्क्रीन १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा. वरची शीर्षकपट्टी, मेनू आणि खालची टास्कबार वजा जाता ६८० पिक्सेल उंची हाती लागते असं धरू. रुंदीत यादीला ३००, पट्टीला ६, उरलेले १०६० उजव्या बाजूला. उजवी बाजू पुन्हा वर-खाली कापलेली आहे: नकाशाला ४५०, पट्टीला ६, तक्त्याला २२४. तक्त्याची एक ओळ २६ पिक्सेलची धरली तर शीर्षकाची ओळ सोडून सात खातेदार पुरते दिसतात आणि आठवा अर्धवट.

ग्रामसभेसाठी हीच विंडो प्रोजेक्टरवर न्यायची आहे, आणि तिथे जागा १९२० बाय १०८०. रुंदीत ५५४ पिक्सेल वाढले, उंचीत ३१२. ही वाढ कोणाची?

पहिलं सुचणारं उत्तर म्हणजे सगळ्यांना आपापल्या प्रमाणात. ऐकायला न्याय्य वाटतं. पण मग यादी ३०० वरून ४२२ वर जाते, आणि यादीत आहेत तीन-चार आकडी गट नंबर. वाढलेले १२२ पिक्सेल नुसतं पांढरं रान. नकाशाला तेच पिक्सेल मिळाले असते तर एखादं वावर ओळखू आलं असतं. जागेची वाटणी गरजेने व्हायला हवी, आणि यादीची गरज ३०० ला संपली होती.

जावा भाषेत विंडो बांधायच्या स्विंग या संचात या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात द्यायचं असतं. जे-स्प्लिट-पेन नावाचा घटक विंडो दोन भागांत कापतो, आणि प्रत्येक कापाला एक भार असतो, शून्य ते एक. वाढलेल्या जागेतला किती हिस्सा डाव्या किंवा वरच्या कप्प्याला द्यायचा, ते हा भार ठरवतो. काही सांगितलं नाही तर भार शून्य, म्हणजे सगळी वाढ उजव्या किंवा खालच्या कप्प्याला. विंडो लहान होते तेव्हाही तोच नियम, घट त्याच कप्प्याच्या वाट्याला.

आपली विंडो या न सांगितलेल्या भारावर सोडून बघा. बाहेरच्या कापात यादी ३०० ला थांबते आणि उजवी बाजू १६१४ होते. उत्तम, हेच हवं होतं. आतल्या कापात मात्र वरचा कप्पा नकाशा आहे आणि खालचा तक्ता. वाढलेले ३१२ पिक्सेल सगळे तक्त्याकडे जातात, तो २२४ चा ५३६ होतो, आणि नकाशा ४५० वरच राहतो. आता नकाशाचा कप्पा १६१४ बाय ४५० चा लांबट पट्टा झाला. गावाचं शिवार साधारण चौकोनी असेल तर लॅपटॉपवर ते ४५० बाय ४५० मध्ये बसत होतं, आणि भिंतीवरच्या पडद्यावरही ते ४५० बाय ४५० मध्येच बसतं. विंडो एवढी वाढली, पण गाव एका पिक्सेलनेही मोठं झालं नाही. सभेत मागे बसलेला माणूस म्हणतो, “भाऊ, आमचं वावर जरा मोठं दाखव नं,” आणि मोठं दाखवायला जागा असूनही ती तक्त्याखाली अडकलेली असते.

आतल्या कापाला दोन तृतीयांश भार दिला की नकाशा ६५८ होतो आणि तक्ता ३२८. शिवाराचं क्षेत्रफळ पडद्यावर दुपटीहून अधिक झालं, आणि तक्त्यात चार खातेदार जास्त दिसायला लागले. एकाच गटावर भावकीतली आठ-दहा नावं असणं आपल्याकडे नवीन नाही, तेव्हा त्या चार ओळींना फार किंमत आहे. बाहेर शून्य, आत दोन तृतीयांश. दोन आकड्यांत या विंडोचा स्वभाव ठरला.

इथवर प्रत्येक काप आपापला विचार करत होता. खरी रंगत तीन कप्पे एकाच ओळीत आले की सुरू होते, कारण स्विंगचा काप दोनच भाग करतो. तिसरा हवा असेल तर त्या दोनांतल्या एकाला पुन्हा कापावं लागतं. तिघांना समान जागा हवी तर काय करायचं? पहिल्या कापात एक तृतीयांश बाजूला काढायचा आणि उरलेल्याचे निम्मे निम्मे करायचे. चार हवे असतील तर आधी चौथा हिस्सा, मग उरलेल्याचा तिसरा, मग उरलेल्याचा अर्धा. वऱ्हाडात जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ ची वाटणी ज्याने बघितली आहे त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. थोरल्याचा हिस्सा आधी काढून धुरा, म्हणजे बांध, टाकतात, मग उरलेल्या वावरात मधला आणि धाकटा. विंडोतली पट्टी म्हणजे तो धुरा. एकाला दिल्याशिवाय दुसऱ्याचं घेता येत नाही, आणि एकूण जमीन तेवढीच राहते.

पण समान हिस्सा हा सोपा भाग. रोजच्या वापरातली अडचण धुरा सरकवताना येते, आणि इथे मला नीट थांबायचं आहे.

१९२० च्या रुंदीत तीन उभे कप्पे घ्या: यादी ३००, तक्ता ४००, नकाशा १२०८, मधे सहा-सहा पिक्सेलच्या दोन पट्ट्या. विंडो वाढली तर वाढ नकाशाला जावी अशी इच्छा आहे. बांधणाऱ्याने आधी यादी एका बाजूला केली आणि उरलेल्या भागात तक्ता व नकाशा असा दुसरा काप घातला. म्हणजे यादी एकटी, आणि तक्ता-नकाशाची जोडी. दोन्ही भार शून्य ठेवले, म्हणजे वाढ शेवटी नकाशाला मिळते. सगळं बरोबर दिसतं.

आता यादी आणि तक्ता यांच्यामधली पट्टी धरून १०० पिक्सेल उजवीकडे सरकवा. यादी ४०० झाली. जोडीची जागा १०० ने कमी झाली. ही घट जोडीत कोणी सोसायची, हे आतला भार ठरवतो, आणि तो शून्य आहे, म्हणजे डावा कप्पा स्थिर आणि घट उजव्याची. त्यामुळे तक्ता ४०० चा ४०० च राहतो, सगळाच्या सगळा १०० पिक्सेल उजवीकडे सरकतो, आणि नकाशा १२०८ वरून ११०८ वर येतो. ज्या पट्टीला कोणी हातही लावला नाही ती दुसरी पट्टी ७०६ वरून ८०६ वर गेली. थोरल्याने मधल्याचा धुरा कोरला आणि जमीन गेली धाकट्याची. मधला आपल्या हद्दीसकट पुढे सरकला.

वापरणाऱ्याला काय झालं ते शब्दांत सांगता येत नाही, पण हाताला ते खटकतं. त्याने दोन शेजाऱ्यांमधली हद्द हलवली होती, आणि तिसऱ्याशी त्याचं काही घेणंदेणं नव्हतं.

चूक कुठे झाली? एकाच आकड्याला दोन प्रश्नांची उत्तरं द्यायला लावलं. विंडो वाढली तर वाढ कोणाची, हा एक प्रश्न. शेजारचा धुरा सरकला तर झळ कोणाला, हा दुसरा. आतल्या कापाला या दोहोंमधला फरक कळतच नाही. त्याच्या दृष्टीने बाहेरून मिळणारी जागा कमी-जास्त झाली, एवढंच. पहिल्या प्रश्नासाठी शून्य हवा, दुसऱ्यासाठी एक. भार एक केला तर पट्टी सरकवताना तक्ता शहाण्यासारखा आपल्या जागेतून १०० देतो, पण मग विंडो मोठी केल्यावर वाढही तक्त्यालाच मिळते आणि नकाशा उपाशी राहतो.

उपाय आकड्यात नाही, कापांच्या क्रमात आहे. आधी यादी व तक्ता यांची जोडी करा आणि त्या जोडीच्या बाहेर नकाशा ठेवा. पडद्यावरचं चित्र तंतोतंत तेच. दोन्ही भार शून्यच. आता यादी-तक्त्यामधली पट्टी १०० ने सरकवली तर सगळा व्यवहार जोडीच्या आतच मिटतो: यादी ४००, तक्ता ३००, नकाशा १२०८ जसाच्या तसा. तक्ता-नकाशामधली पट्टी डावीकडे १०० ओढली तर जोडी आकसते, आतला भार शून्य असल्यामुळे यादी स्थिर राहते आणि तक्ता १०० देतो. शेजाऱ्याचं शेजाऱ्याशी. आणि विंडो वाढली तर जोडी हलत नाही, वाढ नकाशाला. तिन्ही हालचालींना बरोबर उत्तर मिळालं आणि एकही आकडा लिहावा लागला नाही. मुकाट ठेवलेल्या भारांतूनच योग्य वागणं निघतं, आणि ज्याने हा क्रम निवडला त्याची जाण नुसत्या चित्रात कुठेही दिसत नाही. कप्प्यांच्या रचनेत याहून देखणं काही मी पाहिलेलं नाही.

वाढणारा कप्पा मधोमध असेल तर जोडी कशीही करा, प्रत्येक धुऱ्याचा एक शेजारी तोच असतो, म्हणून भार योग्य ठेवले की निभतं. तो कडेला असला की मात्र क्रम जपावा लागतो.

क्यूटी या दुसऱ्या संचाच्या क्यू-स्प्लिटरने हा पेच वेगळ्या वाटेने सोडवला. तिथे एका ओळीत हवे तेवढे कप्पे बसतात, जोड्या लावायची गरजच नाही. पट्टी ओढली की लगतचा कप्पा जागा देतो, आणि तो आपल्या किमान मापाला टेकला की ढकल पुढच्याकडे जाते. विंडो वाढली तर कोणी किती ताणायचं, ते वेगळ्या आकड्यांनी सांगायचं. दोन प्रश्नांना दोन जागा. त्या ताणाच्या आकड्यातही एक बारकावा आहे: तो एकटा लागू होत नाही, कप्प्याच्या सुरुवातीच्या मापाने गुणून लागू होतो. दोन कप्प्यांना एक-एक ताण दिला आणि एकाचं माप २०० व दुसऱ्याचं ८०० असेल, तर वाढ एकास चार या प्रमाणात जाते. म्हणून अनुभवी मंडळी सगळ्यांना शून्य आणि एकाच कप्प्याला एक देतात. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच.

जीटीके हा आणखी एक संच प्रत्येक कप्प्याला दोन साधे होय-नाहीचे प्रश्न विचारतो: विंडोबरोबर वाढशील का, आणि गरजेपेक्षा लहान व्हायला तयार आहेस का. मॅकच्या एन-एस-स्प्लिट-व्ह्यूमध्ये २०१२ पासून प्रमाण न सांगता पायरी सांगायची सोय आली. कोणता कप्पा आपलं माप किती घट्ट धरतो त्याची ही पायरी. सगळ्यात सैल धरणारा आधी हलतो. मला ही मांडणी फार पटते. यादी व तक्ता यांच्यात किती टक्के, असं विचारलं तर बांधणारा अडखळतो. आधी कोणी हलायचं, असं विचारलं तर तो चटकन सांगतो.

क्रमाचा प्रश्न आडव्या आणि उभ्या कापांतही आहेच. आपल्या पहिल्या विंडोत उभा काप आधी होता, म्हणून यादी वरपासून खालपर्यंत. आडवा काप आधी घेतला असता तर तक्ता तळाशी पूर्ण रुंद झाला असता आणि यादी व नकाशा त्याच्या वर. तक्त्याच्या रकान्यांना ते सोयीचं: खातेदाराचं नाव, क्षेत्र, आकारणी, पीक, शेरा, सगळं ऐसपैस. तरीही माझं मत पहिल्या रचनेच्या बाजूने आहे. यादीत गट निवडला की नकाशा आणि तक्ता दोन्ही बदलतात. निवड एकीकडे आणि निवडीतून निघालेलं दुसरीकडे, हा या विंडोतला सगळ्यात मोठा अर्थभेद. मोठा काप तिथेच पडायला हवा. १०६० पिक्सेल तक्त्याला पुरतात.

क्यूटीच्या मुख्य विंडोत हा झगडा कोपऱ्यांवर येऊन ठेपतो. कडेला एक कप्पा आणि तळाशी एक, तर खालचा डावा कोपरा कोणाचा? न सांगितल्यास खालचे कोपरे तळाच्या कप्प्याला आणि वरचे वरच्याला मिळतात. ते बदलायला एक ओळ पुरते, आणि ती ओळ लिहिली की यादी पुन्हा तळापर्यंत पोचते. एका कोपऱ्याच्या मालकीने विंडोचा अर्थ बदलतो.

चार कप्पे दोन-दोनच्या ओळींत ठेवले की मधे अधिकचं चिन्ह दिसतं. ते चिन्ह खोटं असतं. आधी आडवा काप घेतला असेल तर वरची उभी पट्टी आणि खालची उभी पट्टी या दोन स्वतंत्र पट्ट्या आहेत, केवळ योगायोगाने एका रेषेत. एक सरकवली की चिन्ह मोडतं. जुळलेलंच ठेवायचं असेल तर दोघींना एकमेकींची खबर द्यावी लागते, आणि ते काम कप्प्यात कप्पा घालून होत नाही.

आणि एक रचना अशी आहे की ती या पद्धतीने होतच नाही. मधोमध एक चौकोन, त्याच्याभोवती चार लांबट आयत फिरकीसारखे, प्रत्येकाचं टोक पुढच्याच्या बाजूला टेकलेलं. एकूण पाच आयत. यात या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जाणारी एकही रेषा सापडत नाही, म्हणजे पहिला काप घ्यायलाच जागा नाही. सर्किटच्या चिपवर भाग बसवणाऱ्यांना ही फिरकी चांगली ओळखीची आहे. चार आयतांपर्यंत कोणतीही मांडणी कापत कापत मिळते, पाचला ही पहिली अडते. शिवारात अशी फिरकी पडायला काहीच हरकत नाही, विहिरीभोवती चार वावरं तशी असू शकतात, कारण धुरे पिढ्यान् पिढ्या वेगवेगळ्या वेळी पडलेले असतात. कप्प्यात कप्पा घालणारी विंडो मात्र नेहमी कोणत्या तरी पहिल्या वाटणीपासून सुरू होते.

वाटणीला खालची मर्यादाही लागते. जमिनीला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे, प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पडू नये म्हणून. कप्प्याला किमान माप असतं ते त्याच कारणाने. यादीची किमान रुंदी १८०, नकाशाची ४००, तक्त्याची ६२० असं धरा. उजव्या बाजूला नकाशा व तक्ता एकाखाली एक आहेत, म्हणून त्या बाजूची किमान रुंदी दोहोंतली मोठी, ६२०. यादी शेजारी आहे, म्हणून बेरीज: १८०, ६ आणि ६२० मिळून ८०६. उंचीत उलट. नकाशाचे २५०, पट्टीचे ६, तक्त्याचे १०४, एकूण ३६०, आणि यादीची किमान उंची १२० असली तरी तिला ३६० पाळावे लागतात. मागणी अशी आतल्या कप्प्यापासून बाहेर येत जाते, आणि जागा मात्र बाहेरून आत वाटत जाते. या दोन उलट्या प्रवासांची गाठ नीट पडली की विंडो शांत वाटते.

पट्टी एका ठिकाणी अडून बसते आणि पुढे सरकतच नाही, ही तक्रार स्विंग वापरणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी केलेली आहे. बहुतेक वेळा पट्टी निर्दोष असते. आतल्या कुठल्या तरी कप्प्याने आपलं किमान माप अवास्तव मोठं सांगितलेलं असतं आणि स्प्लिट-पेन ते इमानाने पाळत असतो. किमान माप हाताने ठरवून दिलं की पट्टी मोकळी होते.

मराठीसाठी मात्र किमान माप फार लहानही धरून चालत नाही. स्विंगच्या तक्त्याच्या ओळीची उंची मुळात १६ पिक्सेल धरलेली आहे. त्यात ‘मूर्तिजापूर’ लिहून बघा. वाचता येईल एवढा अक्षराचा आकार ठेवला तर वर वेलांटीचा बाक आणि त्यावरचा रफार कापला जातो, खाली ‘मू’ आणि ‘पू’ यांचे दीर्घ उकार छाटले जातात. उकार छाटलेल्या ओळीत ऱ्हस्व की दीर्घ हे डोळ्याला ठरवता येत नाही, आणि खातेदाराच्या नावात ते ठरवता आलं पाहिजे. म्हणून मी वर ओळ २६ ची धरली. ओळ वाढली की तक्त्याची किमान उंची वाढते, ती वाढली की उजव्या बाजूची, आणि तिच्यामागून सगळ्या विंडोची. एका रफाराला जागा देण्याचा निर्णय असा बाहेरच्या चौकटीपर्यंत पोचतो. रोमन अक्षरं मनात धरून बांधलेल्या मापांत देवनागरी बसवताना हे आधीच मोजलं तर नंतर ओढाताण होत नाही.

पट्टी स्वतः किती रुंद असावी? लक्ष्य जितकं अरुंद तितका ते गाठायला वेळ जास्त, हे पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मोजून दाखवलं. डोळ्याला पट्टी बारीक हवी, हाताला रुंद. चांगली विंडो एक पिक्सेलची रेघ काढते आणि तिच्या दोन्ही बाजूंचे थोडे पिक्सेल गुपचूप पकडीत घेते. कर्सर जवळ आला की त्याचा दुतोंडी बाण होतो आणि पट्टी सापडल्याचं कळतं. टचपॅड झिजलेल्या लॅपटॉपवर तेवढंही जमत नाही, आणि तिथे स्विंगने ठेवलेली एक सोय मला फार मोलाची वाटते. एफ-आठ दाबलं की पट्टी कीबोर्डच्या ताब्यात येते, बाणांनी सरकवता येते, होम आणि एंडने टोकाला नेता येते. एफ-सहाने या कप्प्यातून त्या कप्प्यात जाता येतं.

ओढताना आतलं चित्र सतत बदलत राहावं की पट्टी सोडल्यावर एकदम, हेही प्रत्येक कापाला वेगळं सांगता येतं. तक्ता हलका असतो, तो ओढता ओढता बदललेला छान दिसतो. शिवाराचा नकाशा शेकडो बहुभुजांचा असेल तर प्रत्येक पिक्सेलला तो नव्याने काढताना पट्टी हातामागे रेंगाळते, त्यापेक्षा फिकट रेघ ओढून सोडल्यावर नकाशा एकदाच काढलेला बरा.

शेवटी आठवण. माणसाने पट्टी जिथे ठेवली ती जागा आणि विंडो लहान झाल्यामुळे पट्टी जिथे ढकलली गेली ती जागा, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विंडो तिच्या किमान मापापर्यंत लहान केली, यादी १८० पर्यंत दबली, मग विंडो पुन्हा मोठी केली, तर यादी ३०० वर परतली पाहिजे, कारण १८० कोणी मागितलेच नव्हते. बऱ्याच विंडो इथे विसरतात. ज्या विसरत नाहीत त्या माणसाचा आकडा वेगळा जपून ठेवतात आणि दबावाखाली आलेला आकडा त्यावर लिहीत नाहीत.

प्रोग्रॅम बंद करताना काय साठवायचं, तेही कप्प्याच्या स्वभावावर ठरतं. यादीसाठी पिक्सेल साठवा, कारण तिची गरज ठरलेली आहे आणि ३०० म्हणजे लॅपटॉपवरही ३०० आणि प्रोजेक्टरवरही ३००. नकाशा आणि तक्ता यांच्यासाठी प्रमाण साठवा, कारण ते दोघे मिळेल त्यात राहणारे आहेत. पुन्हा उघडताना क्रम पाळायचा: आधी विंडोचं माप, मग बाहेरची पट्टी, मग आतली. स्विंगमध्ये विंडो पडद्यावर येण्याआधीच आतल्या कापाला दोन तृतीयांश सांगितलं तर त्या क्षणी त्याची उंची शून्य असते, आणि शून्याचे दोन तृतीयांश शून्यच होतात; सांगितलेलं वाया जातं आणि पट्टी भलत्याच ठिकाणी बसते. विंडो दिसल्यावर, बाहेरच्या कापाने जागा वाटल्यावर तेच सांगितलं, की नकाशा आणि तक्ता काल होते तिथे येतात.